टोळाच्या दारची बेल

मी बेल बोलतेय. सायकलवरची नव्हे हो, दारावरची. तिसऱ्या मजल्यावर जिना संपला की डाव्या हाताला जे दार आहे, ते माझं. त्याचा फोटो तुम्ही वर्तमानपत्रात पाहिला असेल. 'दोनदा बंदी भोगलेल्या सायकलपटूचं घर' असं खाली छापलं होतं. फोटोच्या कोपऱ्यात मीही होते, पण मला कुणी काही विचारलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्याने दाबल्याशिवाय मी तोंड उघडलं नाही. आज आपणहून उघडतेय, तेव्हा मध्ये बोलू नका.

मी दोन जागी राहते. बटण दाराबाहेर, आवाजाची पेटी आत, चपलांच्या कपाटाच्या वर. त्यामुळे जिन्यातलंही कळतं आणि घरातलंही. याला कुणी चोंबडेपणा म्हणतं. म्हणू दे. बाहेर कोण आलंय ते आत सांगायचं, हेच माझं काम आहे, आणि ते मी मन लावून करते.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तांब्याची तार, एक लोखंडी दांडा आणि पत्र्याच्या दोन पट्ट्या. दांडा एका पट्टीवर आपटला की टिंग, माघारी येताना दुसरीवर आपटला की टाँग. शेडच्या टोकाला एक बाई बसायची. ती दिवसभर एकेक बेल वाजवून कानाने पारखायची. मला तिने दोनदा वाजवलं आणि कपाळाला आठी घातली.

"हिचा गळा बसलाय गं," ती शेजारणीला म्हणाली.

"जाऊ दे की. ऐकू येतंय ना?"

झालं, मी पास. तेव्हापासून माझा टाँग जरा घोगराच आहे.

मला विकत घेतलं ते टोळाच्या बाबांनी. ते लेथवर काम करायचे. केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा माणूस. मला भिंतीवर लावायला दोन स्क्रू पुरतात, पण बाबांनी त्यात अर्धा दिवस घालवला. आधी पाणसळ लावून रेघ आखली, मग लांबून एक डोळा मिटून पाहिलं, मग पुन्हा रेघ पुसली. समोरच्या दारातल्या मावशी म्हणाल्या, "अहो, बेल लावताय की पूल बांधताय?" बाबा हसले नाहीत. टोळाची आई नुकतीच गेली होती. घरात आवाज म्हणून काही उरला नव्हता, म्हणून ते मला घेऊन आले होते.

टोळ म्हणजे त्यांचा मुलगा. नाव दुसरं आहे. पण पाय लांबच लांब, बसला तरी उडायच्या तयारीत, म्हणून सगळा जिना त्याला टोळच म्हणायचा. तेव्हा बारा वर्षांचा होता. सायकल खाली ठेवली तर कुणी नेईल या भीतीने ती खांद्यावर टाकून तीन मजले चढायचा. हात मोकळा नसायचा, मग पुढच्या चाकाने माझं बटण दाबायचा. भिंतीवर हा एवढा काळा पट्टा उमटायचा.

"भिंत रंगवून कोण देणार, तुझा काका?" बाबा आतून ओरडायचे.

"बाबा, आधी वेळ बघा! डोंगराच्या माथ्यापर्यंत सव्वीस मिनिटं!"

बाबा वेळ बघायचे. भिंत विसरायचे.

शहरामागे तो डोंगर आहे, आणि त्या डोंगरावर संपणारी शहराची एक मोठी शर्यत आहे. संयोजकांच्या कचेरीत लाकडी फळ्यांची रांग लावलेली आहे. दर वर्षाचा एक फळा. शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यावर रंगवतात, पहिला असो की शेवटचा. बाबांनी टोळाला लहानपणी ते फळे दाखवले होते. "आपलं नाव इथे पाहिजे," टोळ घरी येऊन म्हणाला होता. मी ऐकलंय. माझ्या खालच्या कपाटावर बसून चपलेचा बंद सोडताना म्हणाला होता. तेवढंच त्याला आयुष्यात हवं होतं, बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

विसाव्या वर्षी तो व्यावसायिक संघात गेला. वर्षाचे आठ महिने बाहेर, कधी या देशात, कधी त्या. लग्न झालं. बायको एका ड्रायक्लीनरच्या दुकानात कोट उसवून नव्या मापाला शिवायची. ती आल्यावर घरात पुन्हा हसणं सुरू झालं. मी खूश होते. किती तरी बोटं मला ओळखीची झाली. पोस्टमन दाबतो तसं, काम म्हणून. मावशी दाबतात तसं, उत्तराची वाट न बघता तीनदा. आणि एक अगदी सभ्य बोट होतं, त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

ते बाटलीवाल्यांचं. शर्यतीत कुणी औषधं घेऊन पळत नाही ना, हे तपासणाऱ्या संस्थेचे ते अधिकारी. त्यांचा नियम असा की सायकलपटूने रोजचा एक तास आधीच कळवून ठेवायचा: या तासात मी अमुक ठिकाणी सापडेन. टोळाचा तास सकाळी सहा ते सात, ठिकाण हे घर. बाटलीवाले कधीही यायचे, न सांगता. बोट वाकवून, पेराने, एकदाच दाबायचे. मग त्यांच्या नजरेसमोर टोळाने बाटलीत लघवी करायची. आता सकाळी उठल्या उठल्या माणूस स्वतःहून जाऊन आलेला असतो. मग बसा पाणी पीत! टोळ ग्लासावर ग्लास रिचवायचा, बाबा मदत म्हणून स्वयंपाकघरातला नळ बारीक सोडून ठेवायचे, आणि बायको कामाला जायची पर्स खांद्याला लावून विचारायची, "झाली का हो तुमच्या साहेबांची?" चार मोठी माणसं एका माणसाच्या लघवीची वाट बघत बसलेली. मी किती घरं ऐकली असतील जिन्यातून, असलं कुठे ऐकलं नाही.

आता ते सांगते, जे ऐकायला तुम्ही थांबला आहात.

टोळाने औषध घेतलं होतं. होय, घेतलं होतं. मी त्याची वकील नाही.

तो एकोणतीस वर्षांचा झाला होता आणि चढावर कोवळी पोरं त्याला मागे टाकू लागली होती. तेव्हा एक माणूस यायला लागला. बटण गरम असल्यासारखं दोनदा टोचून दाबायचा. हातात थंड डबा. तो डबा फ्रीजमध्ये दुधाच्या मागे जायचा. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवायची इंजेक्शनं असायची त्यात. बाबांना टोळ सांगायचा, जीवनसत्त्वं आहेत. बायकोला काही सांगायचा नाही, आणि तीही विचारायची नाही. त्या माणसासाठीही मी तशीच वाजले, टिंग-टाँग, पाहुणा आल्यासारखी. कोण चांगला, कोण वाईट, हे माझ्या आवाजात उतरत नाही, ही माझी खोट.

त्या वर्षी टोळ शहराची शर्यत जिंकला. फळ्यावर पहिलं नाव. बाबांनी लेथवरच्या सगळ्यांना नेऊन दाखवलं. दीड महिन्याने तपासणीचा निकाल आला आणि कचेरीतल्या रंगाऱ्याने त्या नावावर पांढरा रंग फिरवला.

इथपर्यंत मी त्याला माफ केलं असतं. पण चौकशीत त्याने सांगितलं की औषध मालिशवाल्याने बाटलीतून दिलं. संघातल्या मालिशवाल्याचं काम दोनच: संध्याकाळी पाय चोळायचे आणि शर्यतीत रस्त्याकडेला उभं राहून पळत्या सायकलला पाण्याची बाटली द्यायची. त्या साध्या माणसावर टोळाने खापर फोडलं. चौकशीवाल्यांनी ऐकलं. चार वर्षांची बंदी दोनावर आली, आणि मालिशवाल्याचं नाव काळ्या यादीत गेलं.

तो एकदा आला होता. त्याने बटण दाबलं ते सोडलंच नाही. मी वाजत राहिले आणि आत तिघंही श्वास धरून बसले. टोळ, बायको, बाबा. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी तो दाराला तोंड लावून म्हणाला, "टोळ, मी पाणी दिलं होतं रे. साधं पाणी." आणि जिना उतरून गेला.

त्या दिवसापासून या घराला दार न उघडायची सवय लागली. पत्रकार यायचे, उघडायचं नाही. टवाळ पोरं बटण दाबून "ए सुई!" ओरडत पळायची, उघडायचं नाही. मावशी सुद्धा येताना आधी हाक मारायला शिकल्या, "मी आहे गं, मी, खायला नाही उठले तुम्हाला!"

दोन वर्षांनी टोळ परत शर्यतीत उतरला, तेव्हा तो स्वच्छ होता. विश्वास ठेवा नाही तर नका ठेवू. थंड डब्यावाल्याचं बोट माझ्यावर पुन्हा पडलं नाही. टोळ आता विसावा, तिसावा यायचा आणि घरी येऊन शांत झोपायचा. पण एका वर्षात तीनदा तासाला सापडला नाही, तर ते औषध घेतल्यासारखंच धरतात. दोन वेळा त्याचीच चूक. एकदा विमान चुकलं, एकदा सासुरवाडीला राहिला आणि पत्ता बदलून कळवायचं विसरला. तिसरी वेळ मात्र माझी.

म्हणजे मी काही केलं नव्हतं. टोळ शर्यतीत पडला होता. खांदा निखळलेला, हात पट्ट्यात गळ्याशी बांधलेला, दुखणं कमी करायच्या गोळ्या घेऊन मागच्या खोलीत झोपलेला. गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, सगळ्या कळवलेल्या. आदल्या दिवशी पत्रकारांनी मला दिवसभर छळलं होतं. संध्याकाळी बाबांनी सुनेच्या शिवणाच्या डब्यातला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड तुकडा घेतला, माझी पेटी उघडली, आणि दांडा आणि पट्ट्यांच्या मध्ये तो बसवला. नेमका बसवला. लेथवरचा हात!

"बाबा, सकाळी ते आले तर?" सुनेने विचारलं.

"अगं, परवाच तर येऊन गेले. लगेच कशाला येतील? झोपू दे त्याला."

बाटलीवाले सहा वाजून दोन मिनिटांनी आले. पेराने दाबलं. माझा दांडा नमद्यावर आपटला. थप्. पुन्हा दाबलं. थप्. सून पहाटपाळीला निघून गेली होती. बाटलीवाल्यांनी दार वाजवलं. बाबा आत कपाटाजवळच्या खुर्चीत बसले होते, हातात वर्तमानपत्र. त्यांनी ऐकलं. त्यांना वाटलं, पत्रकार असतील, थोड्या वेळाने बघू. वर्तमानपत्राचा आवाज होऊ नये म्हणून ते तसंच धरून बसले. तासभर बाटलीवाले दर थोड्या वेळाने दार वाजवत होते, आणि दाराच्या अलीकडे वीतभर अंतरावर एक म्हातारा आपल्या मुलाची झोप राखत होता. मी जीव तोडून आपटत होते. थप्, थप्. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांनी फोनही केला. तो टोळाच्या पिशवीत मळक्या कपड्यांखाली वाजला.

कळलं तेव्हा बाबांनी खुर्चीतून उठून आधी माझी पेटी उघडली आणि नमदा काढला.

"मी जातो चौकशीला. मी सांगतो, मी केलं."

"नाही बाबा."

"अरे, पण खरं तेच आहे ना!"

"मागच्या वेळी मी दुसऱ्याचं नाव घेतलं, तेव्हा त्यांनी ऐकलं. या वेळी कुणाचंही नाव घेणार नाही. तुमचं तर नाहीच."

चौकशीत तो एवढंच म्हणाला, मी झोपलो होतो, मला ऐकू आलं नाही. लोक पोट धरून हसले. चार वर्षं.

मावशी जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्यांना म्हणाल्या, "आमच्या समोरच्याला झोप लागली होती म्हणे!" मी त्यांच्यासाठी आठवडाभर घोगरी वाजले. एवढंच माझ्या हातात होतं.

चार वर्षं टोळ एका गोदामात खोकी उचलायचा आणि सुटीच्या दिवशी एकटा डोंगर चढायचा. सदतिसाव्या वर्षी त्याला एका लहानशा संघाने घेतलं, एकाच हंगामासाठी. त्याने शहराच्या शर्यतीत नाव दिलं. जिंकायचं खूळ केव्हाच गेलं होतं. पुरी करायची, फळ्यावर नाव लागायचं, आणि ते पुसलं जाणार नाही असं लागायचं. तिसरी चूक झाली तर बंदी आयुष्यभराची. म्हणून सहा ते सात आता तिघंही जागे असायचे, कपडे करून, दाराकडे तोंड करून. बाबांनी मला दर रविवारी तेल घातलं.

शर्यतीला नऊ दिवस होते तेव्हा, सात वाजून गेल्यावर, कुणीतरी बटण दाबलं आणि सोडलं नाही.

मी ओळखलं. आतल्यांनीही ओळखलं असावं, कारण कुणी हललं नाही. मग बायको उठली. "पुरे झालं," असं काहीसं पुटपुटली आणि तिने दार उघडलं.

मालिशवाला म्हातारा दिसायला लागला होता. आत आला नाही, उंबरठ्यावरच उभा राहिला.

"माफी मागायला लावणार नाही," तो म्हणाला. "सही पाहिजे. इस्पितळात रुग्णांचे हातपाय चोळायचं काम मिळतंय. पण यादीत माझं नाव आहे. औषध देणारा म्हणून. मी दिलं नव्हतं, एवढं लिहून दे."

टोळाने त्याच्यासमोरच वकिलाला फोन लावला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मलाही आला. "अजिबात सही करायची नाही! चौकशीत खोटं बोललो हे कबूल केल्यासारखं आहे. तो तिसरा गुन्हा. आजन्म घरी बसाल! निदान शर्यत तरी होऊ द्या!"

टोळाने फोन ठेवला.

"दहा दिवस थांबतोस? शर्यत झाली की देतो सही. शप्पथ."

"थांबेन की," मालिशवाला म्हणाला. "आठ वर्षं थांबलोय. फक्त एक सांग. दहा दिवसांनी मी बेल वाजवली, तर दार उघडशील ना?"

मालिशवाला वळला आणि हळूहळू जिना उतरायला लागला. गुडघे धरले होते त्याचे.

"उघडशील का रे?" बायकोने विचारलं.

"उघडेन."

"खरं?"

दुसऱ्या मजल्यावर पावलं वाजत होती. "माहीत नाही," टोळ म्हणाला. "एकदा फळ्यावर नाव लागलं की माझा हात आखडेल. मी मला ओळखतो."

बाबा खुर्चीतून म्हणाले, "त्या सकाळी मलाही वाटलं होतं, थोड्या वेळाने उघडू."

टोळ अनवाणी पळाला. तीन मजले. खालून त्याचा आवाज आला, "अरे थांब! थांब म्हणतो ना, लंगड्या!" आणि मालिशवाल्याचा, "लंगडा कुणामुळे झालो रे, तुझे पाय चोळून चोळून!" दोघं धापा टाकत वर आले. चपलांच्या कपाटावर, माझ्या बरोबर खाली, टोळाने सगळं लिहिलं. थंड डबा, दुधाच्या मागची जागा, खोटं, सगळं. वडिलांचा नमदा तेवढा लिहिला नाही.

"शर्यतीचं काय?" मालिशवाल्याने कागद हातात घेताना विचारलं.

"असलं नाव फळ्यावर लावून काय त्याचं लोणचं घालू?"

त्याचा आवाज चिरकला, हे मी सांगणार नव्हते. पण सांगितलं.

सहाव्या दिवशी पत्र आलं. आजन्म. जिन्यात चर्चा सुरू झाली: एवढं करून मिळवलं काय? मी सांगते काय मिळवलं. मालिशवाला सोमवारपासून इस्पितळात जातो. आणि या घरात पहिल्यांदा कुणीतरी वेळेवर दार उघडलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी पत्रकारांची जत्रा लोटली. पाच-सहा बोटं एकदमच. टोळाने दार सताड उघडलं. खांद्यावर सायकल, अंगात जुना बिनसंघाचा सदरा. बाबा मागे उभे, त्यांच्या हातात घड्याळ.

"बंदी आहे ना तुमच्यावर? मग सायकल कशाला?" एकाने विचारलं.

"बंदी शर्यतीवर आहे," टोळ म्हणाला. "रस्त्यावर नाही. रस्ता अकरा वाजेपर्यंत सगळ्यांसाठी मोकळा आहे. बाजूला व्हा, चाक लागेल."

आणि तो उतरून गेला. किती मिनिटं लागली ते बाबांना माहीत आहे, मी विचारलं नाही. फळ्यावर त्याचं नाव नाही, कधी लागणारही नाही. घरात आता त्याबद्दल कुणी कुजबुजत नाही. बोलायचं तर मोठ्याने बोलतात.

मला आता पंचवीस वर्षं झाली. टाँग जवळजवळ गेलाय, नुसता टिंग उरलाय. मावशी म्हणाल्या, "नवी बसवा ना, चित्र दिसणारी. कोण आलंय ते बघून ठरवता येतं, उघडायचं की नाही."

"बघून ठरवायचं असेल तर बेल कशाला हवी, मावशी?" टोळ म्हणाला.

तेव्हा मी आहे अजून, डावीकडच्या दारावर. ज्याला शिव्या द्यायच्या असतील त्याने यावं, ज्याला खरं विचारायचं असेल त्यानेही यावं. नीट दाबा, घाबरू नका. आणि तुमच्या स्वतःच्या दारावरची बेल वाजत असेल आणि तुम्ही आत श्वास धरून बसला असाल, तर एवढंच सांगते: बाहेरच्याला वाटेल घरात कुणी नाही. बेलीला सगळं कळतं. उठा, उघडा.